ठिणगी कधी पडावी? नौकेच्या इंजिनातल्या दोषशोधनाचा इतिहास



तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसानं नौकेच्या इंजिनाबद्दल का बोलावं, असा प्रश्न व्याख्यानाचं शीर्षक वाचून अनेकांना पडला असेल. त्याचं उत्तर सोपं आहे. 'कारण म्हणजे काय' हा प्रश्न आपण वर्गात घडा आणि कुंभार यांच्या उदाहरणानं शिकतो. ते उदाहरण चांगलंच आहे, पण घडा फुटला म्हणून कुणी बुडत नाही. किनाऱ्यापासून चार मैलांवर पेट्रोलचं इंजिन बंद पडतं, वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असतो, तेव्हा कारण शोधणं ही चैन राहत नाही. ते शोधण्याची रीत माणसानं कशी कमावली, हा आजचा विषय. त्यातही एकच दोष मी निवडला आहे, ठिणगीची वेळ चुकणं. आपले मेकॅनिक त्याला 'टायमिंग आउट' म्हणतात.

आधी थोडा इतिहास. १८६० साली एत्येन लन्वार यानं पॅरिसमध्ये वायूवर चालणारं इंजिन तयार केलं. त्यात विजेची ठिणगी होती, पण मिश्रण दाबलं जात नव्हतं, त्यामुळे इंधन खूप आणि ताकद कमी. १८७६ साली निकोलाउस ओटो यानं आधी मिश्रण दाबायचं आणि मग पेटवायचं, हे चार टप्प्यांचं इंजिन यशस्वी केलं. गंमत अशी, की ओटोच्या त्या इंजिनात विजेची ठिणगी नव्हती. एका सरकत्या झडपेतून छोटी ज्योत आत नेली जाई. हे काम मंद इंजिनालाच जमण्यासारखं होतं.

गोटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांना वेगवान आणि हलकं इंजिन हवं होतं. त्यांनी वेगळीच युक्ती केली. सिलिंडरला जोडलेली एक छोटी नळी बाहेरून बर्नरनं लाल तापवायची. पिस्टन वर आला, की दाबलेलं मिश्रण त्या नळीत शिरतं आणि पेटतं. १८८६ साली त्यांनी हे इंजिन एका नौकेत बसवलं आणि कानस्टाटजवळ नेकार नदीवर ती चालवली. पेट्रोलच्या स्फोटाला लोक घाबरत, म्हणून डाइमलरनं नौकेवर तारा आणि चिनीमातीचे विद्युतरोधक लावून ती विजेवर चालते असा देखावा केला होता, असं सांगितलं जातं. पेट्रोल इंजिनाच्या अगदी पहिल्या प्रयोगांमध्ये नौका होती, हे आपण सहसा विसरतो. मोटारगाडीचा इतिहास सांगताना नदी गळून जाते.

आता त्या तापलेल्या नळीचा विचार करा. त्यात 'कधी पेटावं' हे कुणी ठरवत नाही. नळी किती तापली, मिश्रण किती दाबलं गेलं, यावर ते आपोआप ठरतं. तिथे वेळ हा परिणाम आहे, निर्णय नाही. टायमिंगचा दोष शोधायचा, तर टायमिंग नावाची स्वतंत्र, हलवता येणारी गोष्ट आधी अस्तित्वात यावी लागते. ती विजेनं आणली. रॉबर्ट बॉश यानं १८८७ मध्ये स्टुटगार्टला एका जागी उभ्या राहणाऱ्या इंजिनासाठी मॅग्नेटो बनवला. १९०२ साली त्याच्या कारखान्यातल्या गोटलोब होनोल्ड यानं उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याच्या जोडीचा स्पार्क प्लग तयार केला. इथून पुढे ठिणगी क्रँकशाफ्टच्या नेमक्या कोणत्या कोनाला पडावी, हे माणसाच्या हातात आलं. आणि हातात आलेली गोष्ट चुकू शकते.

ठिणगी नेमकी कधी पडावी? कुणीही म्हणेल, पिस्टन अगदी वर पोचला, की. तर्काला हे पटतं, पण ते बरोबर नाही. ठिणगी पडताक्षणी सगळं मिश्रण पेटत नाही. ज्योत प्लगपासून पसरत जाते, तिला वेळ लागतो. सोयीसाठी धरू, की दोन मिलिसेकंद लागतात. इंजिन मिनिटाला ३०० फेऱ्या घेत असेल, तर एका फेरीला २०० मिलिसेकंद, म्हणजे दोन मिलिसेकंदांत क्रँक जेमतेम साडेतीन अंश फिरतो. तेच इंजिन ३००० फेऱ्या घेऊ लागलं, की एक फेरी २० मिलिसेकंदांची, आणि तेवढ्याच वेळात क्रँक ३६ अंश पुढे गेलेला असतो. प्रत्यक्षात वेग वाढला की मिश्रणातली घुसळण वाढते, ज्योतही जलद पसरते, म्हणून हिशोब इतका सरळ राहत नाही. पण मुद्दा कायम राहतो. पिस्टन वर पोचण्याच्या आधीच ठिणगी पडायला हवी, आणि वेग जितका जास्त, तितकी आधी. दाब सर्वांत जास्त व्हायला हवा तो पिस्टन वरून परत फिरल्यावर लगेच, साधारण दहा ते वीस अंशांच्या दरम्यान. तेव्हा तो पिस्टनला खाली ढकलतो. त्याच्या आधी झाला तर वर येणाऱ्या पिस्टनशी झुंजतो, फार नंतर झाला तर पळत्या पिस्टनचा पाठलाग करतो.

ही झुंज लोकांनी अंगावर सोसली आहे. जुनं इंजिन हातानं हँडल मारून सुरू करत. त्या वेळी ठिणगी मागे घ्यावी लागे, त्यासाठी एक दांडी असे. ती दांडी पुढेच राहिली, तर मंद फिरणाऱ्या इंजिनात मिश्रण फार लवकर पेटे, हँडल उलट फिरे आणि मनगट मोडे. मनगटाजवळच्या एका अस्थिभंगाला वैद्यकात आजही 'शोफरचा अस्थिभंग' म्हणतात, ते यावरून. चार्ल्स केटरिंगचा विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये आला आणि मोटारवाल्यांची मनगटं वाचू लागली. नौकेवाल्यांच्या नशिबी हे सुख उशिरा आलं.

ज्या दोषानं मनगट मोडतं, त्याचाच उपयोग करणारे लोकही होते. कॅनडाच्या अटलांटिक किनाऱ्यावर, नोव्हा स्कोशिया आणि न्यूफाउंडलंडमध्ये, विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात मासेमारांच्या छोट्या होड्यांत एक सिलिंडरचं, दोन टप्प्यांचं इंजिन सर्रास असे. ब्रिजवॉटर गावात अकेडिया नावाची, लुनेनबर्गच्या फाउंड्रीत अटलांटिक नावाची इंजिनं बनत. त्यांत स्पार्क प्लग नसे. सिलिंडरच्या आतच दोन धातूचे स्पर्शबिंदू, ते जोडायचे आणि झटक्यानं तोडायचे, की ठिणगी पडे. म्हणून त्यांना 'मेक अँड ब्रेक' म्हणत. अनेक होड्यांत गिअर नव्हता, न्यूट्रल नव्हतं. मग धक्क्याला लागताना होडी थांबवायची कशी? मासेमार स्विच बंद करी. जड फ्लायव्हील मंदावत जाई. ते थांबायच्या बेतात, पिस्टन वर चढत असतानाच तो स्विच पुन्हा लावी. ठिणगी त्या मंद गतीच्या मानानं फार लवकर पडे, पिस्टनला उलटा तडाखा बसे आणि इंजिन उलट्या दिशेनं फिरू लागे. दोन टप्प्यांच्या इंजिनाला दोन्ही दिशा सारख्याच. होडी मागे ओढली जाई आणि धक्क्याला अलगद लागे. क्षण चुकला, तर होडी सरळ दगडावर.

या मासेमारानं ज्वलनाचं शास्त्र वाचलेलं नव्हतं. पण 'ठिणगी लवकर पडली तर इंजिन उलटं मारतं' हा कार्यकारणभाव त्याला पक्का ठाऊक होता. कारण तो ते कारण रोज स्वतः घडवत होता. ज्ञानाच्या या प्रकाराकडे आम्ही तत्त्वज्ञानवाले फार काळ दुर्लक्ष करत आलो.

१९०९ मध्ये नॉर्वेत जन्मलेल्या ओले एविनरूड यानं अमेरिकेत मिलवॉकीला होडीच्या मागे अडकवायचं इंजिन विकायला काढलं, आज आपण ज्याला आउटबोर्ड म्हणतो ते. पुढे अशा इंजिनांत मॅग्नेटो फ्लायव्हीलच्या पोटातच आला. फ्लायव्हीलमध्ये चुंबक, खाली एका तबकडीवर कॉइल, पॉइंट आणि कंडेन्सर. तबकडी दांडीनं थोडी फिरवली, की ठिणगी पुढे-मागे होई, आणि जुन्या आउटबोर्डांवर वेग कमी-जास्त करायला ही दांडी मुख्य साधन असे. म्हणजे टायमिंग चालकाच्या हाताखाली होतं, त्याच्या कानाला ते रोज ऐकू येत होतं. मोठ्या, होडीच्या पोटात बसवायच्या इंजिनांत मात्र ते डिस्ट्रिब्युटरच्या आतल्या वजनं आणि स्प्रिंगा यांच्याकडे गेलं. वेग वाढला, की वजनं बाहेर फेकली जातात आणि ठिणगी आपोआप पुढे सरकते. सोय झाली, पण दोष आता डोळ्यांआड गेला.

इथून दोषशोधनाला सुरुवात होते. आणि इथेच मला आपले नैयायिक आठवतात.

न्यायशास्त्रात कारणाला दोन अटी आहेत. ते कार्याच्या आधी नियमानं असलं पाहिजे, आणि ते 'अन्यथासिद्ध' नसलं पाहिजे, म्हणजे त्याच्यावाचून कार्याची उपपत्ती लागता कामा नये. कुंभाराचं गाढव माती वाहून आणतं, घड्याच्या आधी तेही हजर असतं, पण घड्याचं कारण नव्हे. नौकेच्या इंजिनाभोवती अशी गाढवं पुष्कळ असतात. समजा, इंजिन तापतंय, ताकद कमी झाली आहे. मालक म्हणतो, "गेल्या आठवड्यात दुसरीकडून पेट्रोल भरलं, तेव्हापासून हे सुरू आहे." पेट्रोल आधी आलं हे खरं. पण पॉइंटला घासणारी फायबरची टाच महिनोन्महिने झिजत होती. टाच झिजली की पॉइंटमधली फट कमी होते, पॉइंट उशिरा उघडतात, ठिणगी मागे पडते. फट वाढली तर उलट, ठिणगी पुढे जाते. झीज इतकी हळू होते, की मालकाला ती 'घटना' म्हणून दिसतच नाही. त्याला दिसते ती ठळक गोष्ट, पेट्रोल बदलणं. ठळक ते कारण, हा मनाचा जुना खोडसाळपणा.

दुसरा धडा हेत्वाभासाचा. धुरावरून अग्नीचं अनुमान करता येतं, पण अग्नीवरून धुराचं करता येत नाही. तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धूर यायला ओलं इंधन लागतं, ती मधली अट, ती 'उपाधी'. जे चिन्ह साध्य नसतानाही सापडतं, ते सव्यभिचारी. आता इंजिनाची चिन्हं तपासा. इंजिन तापतंय? ठिणगी मागे असली की ज्वलन उशिरापर्यंत चालतं, उष्णता एक्झॉस्टकडे जाते, इंजिन तापतं. पण समुद्राचं पाणी ओढणारा पंप झिजला तरी तापतं, पाण्याच्या वाटेत गाळ किंवा मीठ साचलं तरी तापतं. कार्ब्युरेटरमधून भडका येतोय? ठिणगी चुकली असेल, नाहीतर मिश्रणात पेट्रोल कमी असेल, झडप अडकली असेल, किंवा प्लगच्या दोन वायरींची अदलाबदल झाली असेल. मिसिंग होतंय? डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत खारट ओल बसली असेल. एकही चिन्ह एकट्यानं टायमिंगकडे बोट दाखवत नाही.

मग उपाय काय? अन्वय आणि व्यतिरेक. ते असताना हे असतं, ते नसताना हे नसतं. जॉन स्टुअर्ट मिलनं १८४३ च्या आपल्या तर्कशास्त्रावरच्या ग्रंथात याच जातीच्या पद्धती मांडल्या आणि त्यात एक महत्त्वाची सांगितली, सहचारी परिवर्तनाची. एक गोष्ट थोडी-थोडी बदलत न्यायची आणि दुसरी तिच्याबरोबर बदलते का ते पाहायचं. डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट सैल करून तो केसभर फिरवणारा मेकॅनिक नेमकं हेच करतो. पण एक पथ्य आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. घाईतला माणूस प्लग, पॉइंट, कंडेन्सर, टोपी, सगळं एकदम नवं घालतो. इंजिन सुरू होतं, पैसे मिळतात. पण दोष कशात होता हे त्याला कळलेलं नसतं. आणि बसवलेला नवा कंडेन्सरच सदोष निघाला, तर शोध कुठून सुरू करायचा हेही त्याला माहीत नसतं. इंजिन दुरुस्त झालं म्हणजे ज्ञान झालं, असं नाही.

विसाव्या शतकानं या कामी एक सुंदर साधन दिलं, टायमिंग लाइट. एकाच ठेक्यानं लुकलुकणाऱ्या प्रकाशात फिरणारी वस्तू स्थिर भासते, हे १८३० च्या दशकातच कळलं होतं. १९३० च्या दशकात एम.आय.टी.मधल्या हॅरॉल्ड एजर्टन यांनी झगझगीत, अतिशय अल्पकाळ चमकणाऱ्या स्ट्रोबला मोठं रूप दिलं. टायमिंग लाइटमध्ये पहिल्या सिलिंडरची ठिणगीच दिवा पेटवते. फ्लायव्हीलवरची किंवा पुलीवरची खूण गरगर फिरत असते, पण दर वेळी फेरीतल्या त्याच क्षणी उजळल्यामुळे ती उभी राहिलेली दिसते. शेजारच्या पट्टीवर अंश वाचायचे, इंजिनाचा वेग वाढवायचा आणि खूण सरकते का ते पाहायचं. सरकली नाही, तर आतली वजनं गंजून बसली आहेत, हे समजायचं. खाऱ्या हवेत हे नेहमीचं.

तर आता संशय संपला? नाही. अनेक इंजिनांच्या पुढच्या पुलीची बाहेरची कडी आतल्या भागाला रबरानं जोडलेली असते. रबर म्हातारं झालं, की कडी सरकते आणि तिच्यावरची खूणही. दिवा खरं सांगतो, खूण खोटं सांगते. म्हणून जाणता माणूस प्लग काढून पिस्टन खरोखर वर आहे का, हे आधी तपासतो आणि मगच खुणेवर विश्वास ठेवतो. ज्ञानाचं प्रामाण्य त्याच्या आतूनच मिळतं, की बाहेरून तपासावं लागतं, हा मीमांसक आणि नैयायिक यांचा शेकडो वर्षांचा वाद. या प्रकरणात मी नैयायिकांच्या बाजूचा आहे. ते म्हणतात, ज्ञान खरं होतं की नाही, हे त्यावरून केलेली कृती सफल झाली का यावरून कळतं. नौकेत ती सफलता बांधलेल्या होडीत, मोकळ्या इंजिनावर पाहून चालत नाही. प्रोपेलरला लागणारी ताकद वेगाच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढते. धक्क्यावर गोड चालणारं इंजिन भर पाण्यात ठोके देऊ लागतं. ठिणगी फार पुढे असेल, तर ते नॉकिंग चालू ठेवल्यानं पिस्टनला भोक पडतं. म्हणून शेवटची परीक्षा भाराखाली, पाण्यातच.

मोटारीचं ज्ञान नौकेला जसंच्या तसं लावणाऱ्यांनी इथे फार नुकसान केलं आहे. मोटारीचं इंजिन उतारावर, सिग्नलला विसावतं. नौकेचं सतत ओझं ओढतं. म्हणून नौकेच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये सहसा निर्वातावर चालणारा अॅडव्हान्स नसतो आणि वजनांचा हिशोबही वेगळा असतो. जोड-इंजिनांच्या नौकांत पुष्कळदा एक इंजिन उलट्या दिशेनं फिरणारं असतं. त्याचा पेटण्याचा क्रमही उलटा. नेहमीच्या क्रमानं वायरी लावल्या, की ते थुंकतं, भडकतं, आणि माणूस टायमिंग फिरवत बसतो. सर्वांत गंभीर गोष्ट म्हणजे पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. मोटारीत ती खाली निघून जाते, होडीत तळाशी साचते. म्हणून नौकेच्या डिस्ट्रिब्युटरची आणि स्टार्टरची रचना अशी असते, की आतली ठिणगी बाहेरच्या वाफेपर्यंत पोचू नये. इंजिन सुरू करण्यापूर्वी तळाचा पंखा काही मिनिटं चालवायचा तो यासाठीच. स्वस्त पडतो म्हणून मोटारीचा डिस्ट्रिब्युटर बसवणारा माणूस टायमिंग अगदी अचूक लावेल आणि तरी होडीचा स्फोट होईल. एका दोषाचं अचूक निदान दुसऱ्या धोक्याबद्दल आंधळं असू शकतं.

१९६० च्या दशकापासून इलेक्ट्रॉनिक इग्निशन आलं, पॉइंट हळूहळू गेले, झिजणारी टाच गेली. "आता टायमिंग बिघडतच नाही" असं तुम्हांला सांगतील. पण बऱ्याच आउटबोर्डांत ठिणगीचा इशारा देणारे चुंबक फ्लायव्हीलमध्येच असतात आणि फ्लायव्हील क्रँकशाफ्टवर एका छोट्याशा चावीनं नेमक्या जागी बसवलेलं असतं. नट नीट आवळला नसेल, प्रोपेलर खडकावर आदळला असेल, तर ती चावी कातरली जाते. फ्लायव्हील काही अंश सरकतं. इलेक्ट्रॉनिक पेटी आपलं काम चोख करते, चुकीच्या क्षणी. इंजिन उलटे झटके देतं, सुरू होत नाही. पेटीवर पैसे खर्च होतात, आणि दोष काही रुपयांच्या लोखंडाच्या तुकड्यात असतो.

आजच्या इंजिनाला संगणक जोडला, की तो दोषाचा क्रमांक सांगतो. हे शब्दप्रमाण आहे, आप्तवचन. ते घ्यावं, त्याचा अपमान करू नये. पण आप्त कोण, याची अट आपल्या शास्त्रानं घालून ठेवली आहे. ज्याला ती गोष्ट प्रत्यक्ष ठाऊक आहे, तो आप्त. संगणकाला सेन्सरनं सांगितलं तेवढंच ठाऊक असतं. सेन्सर ज्या चाकाकडे पाहतो ते चाकच सरकलं असेल, तर सगळी साक्ष एकाच खोट्या साक्षीदाराची.

आपल्या कोकण किनाऱ्यावरच्या यांत्रिक नौका बहुतेक डिझेलवर चालतात. तिथे ठिणगीच नाही, दाबानं तापलेल्या हवेत इंधन फवारतात. पण 'कधी' हा प्रश्न तिथूनही गेलेला नाही. फवारा लवकर आला तर ठोका, उशिरा आला तर धूर आणि ताकद कमी. आवाजावरून आणि धुराच्या रंगावरून अंदाज बांधणारा तांडेल आणि स्विचवर बोट ठेवून फ्लायव्हील मंदावण्याची वाट पाहणारा तो न्यूफाउंडलंडचा मासेमार, हे एकाच शाळेतले. त्यांचा अंदाज चुकू शकतो, उपकरणाचाही चुकतो. दोघांना एकमेकांसमोर उभं करून तपासणं, हे काम मात्र कुठल्याही यंत्राकडे सोपवता आलेलं नाही. ज्यांच्याकडे तो कान आहे, ती माणसं आता साठी-सत्तरीत आहेत. त्यांच्या शेजारी बसून कुणी शिकलं नाही, तर किनाऱ्यापासून चार मैलांवर क्रमांक दाखवणारा पडदा काळा पडल्यावर विचारायला कुणी उरणार नाही.

पुढच्या वेळी आपण होकायंत्राच्या चुकीबद्दल बोलू. तीही अशीच, खुणेवर किती विश्वास ठेवायचा याची गोष्ट आहे.